शेताबाहेर पडणारे पाणी : वाचकांचे प्रश्न

कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत शेती करणाऱ्या वाचकांकडून ओलिताच्या पाण्याच्या नियमांबद्दल बरीच पत्रे आली. विषय एकच असल्याने या वेळचे सगळे सदर त्यालाच दिले आहे. वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची ३५ एकर बदामाची बाग आहे, सगळी ठिबकवर. पाण्याचा थेंब बांधाबाहेर जात नाही. तरीही ‘शेतकऱ्यांच्या संघात नाव नोंदवा, नाहीतर पाणी सोडण्याचा स्वतंत्र परवाना घ्या’ असे पत्र आले आहे. ज्याचे पाणी बाहेरच जात नाही त्याने कशाचे पैसे भरायचे? – मडेराजवळील वाचक

उत्तर : २०१२ च्या डिसेंबरपर्यंत तुमचा मुद्दा बिनतोड होता. आता तो टिकत नाही. तुमचे पाणी आडवे वाहत नसेल, पण ते खाली जाते, आणि नियम आता खाली जाणाऱ्या पाण्यालाही लागू आहे.

थोडा मागचा धागा सांगतो. राज्याचा पोर्टर-कलोन कायदा १९६९ चा. नदीतले असो की जमिनीखालचे, राज्यातल्या कोणत्याही पाण्यात टाकाऊ द्रव्य सोडायचे तर त्याची नोंद आणि परवानगी हवी, असे तो सांगतो. केंद्राच्या स्वच्छ पाणी कायद्याने ओलिताच्या परतीच्या पाण्याला परवान्यातून वगळले आहे. राज्याच्या कायद्याने वगळलेले नाही. तरी सेंट्रल व्हॅलीत १९८२ पासून शेतीला सरसकट सूट होती. अशा सगळ्या जुन्या सवलती १ जानेवारी २००३ ला संपतील असा कायदा विधिमंडळाने १९९९ मध्ये केला, आणि २००३ पासून ओलिताखालील जमिनींचा हा कार्यक्रम सुरू झाला. पहिली दहा वर्षे तो ओढे, नाले आणि नद्यांपुरताच होता. डिसेंबर २०१२ मध्ये प्रादेशिक जलमंडळाने (पाण्याच्या दर्जावर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या संस्थेने) पूर्व सॅन वॉकिन भागासाठी, म्हणजे मडेरा, मर्सेड आणि स्टॅनिस्लॉस काउंटीतल्या शेतकऱ्यांसाठी, नवा आदेश काढला आणि त्यात भूजल आले. त्यामुळे ठिबकखालून मुळांच्या पलीकडे झिरपणारा खतातला नायट्रेट हा तुमच्या नावावरचा विसर्ग धरला जातो.

पत्र बाजूला ठेवू नका. नोंदणी न करणाऱ्याकडून जलमंडळ विसर्गाचा अहवाल मागू शकते, आणि मागूनही तो न दिल्यास कायद्यात दिवसाला १,००० डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोंदणी करताना एक गोष्ट हमखास चुकते. नोंदणी माणसाची होते असे आपण धरून चालतो, पण ती जमिनीच्या तुकड्यांची होते. नवा तुकडा घेतला किंवा खंडाने केला तर त्याचा पार्सल क्रमांक यादीत घालावा लागतो. खंडाच्या जमिनीत मालकाला वाटते कुळाने नोंदवले, कुळाला वाटते मालकाने. खंडाच्या करारातच ते कोणी करायचे हे लिहून घ्या.

प्रश्न : संघ, म्हणजे इथे ज्याला कोअॅलिशन म्हणतात तो, नेमके काय करतो? वर्गणी एकरावर घेतात. त्यापेक्षा आपण आपले स्वतंत्र परवाना घेऊन मोकळे का होऊ नये? – टर्लॉक

उत्तर : स्वतंत्र मार्ग आहे, पण त्यात पाण्याची तपासणी, तिचा आराखडा, अहवाल आणि जलमंडळाशी होणारा सगळा पत्रव्यवहार तुमच्या एकट्याच्या खर्चाने होतो. तो खर्च एकरांच्या प्रमाणात कमी होत नाही. चाळीस एकरवाल्याला आणि चार हजार एकरवाल्याला प्रयोगशाळा एका नमुन्याचे पैसे सारखेच लावते.

एका नमुन्यात काय काय येते ते पाहा. कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेच्या बाटल्या, त्या बर्फात ६ अंश सेल्सिअसच्या आत ठेवून पोचवायच्या. विषारीपणाच्या चाचणीचे पाणी ३६ तासांच्या आत चाचणीला लागले पाहिजे. त्या चाचणीत पाणपिसू, माशाची पिल्ले आणि शेवाळ त्या पाण्यात वाढवून किती जगतात, किती वाढतात ते बघतात. तळच्या गाळासाठी झिंग्याच्या कुळातला हायलेला नावाचा इवला प्राणी १० दिवस त्या गाळात ठेवतात. सोबत तुलनेसाठी शुद्ध पाण्याची बाटली, दुहेरी नमुना आणि बाटली कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली त्याचा सहीचा कागद. यातले एक जरी चुकले तरी आकडा बाद. निम्म्याहून जास्त प्राणी मेले तर नेमके कोणत्या द्रव्याने मेले ते शोधण्याची वेगळी, आणखी महाग चाचणी लागते.

संघ हे काम ओढ्यावरच्या निवडक जागी करतो आणि त्या जागेच्या वरच्या अंगाला असलेल्या सगळ्या सभासदांसाठी तोच निकाल चालतो. जलमंडळाला अहवाल संघ देतो. निकाल बिघडला तर सुधारणेचा आराखडाही संघ करतो.

तुमच्या शेतातले काम मात्र संघ करत नाही. वर्गणी भरली की विषय संपला असे समजणारे सभासद पुष्कळ आहेत. शेताचे मूल्यमापन, पाणी आणि नत्राचा आराखडा, जिथे माती वाहते तिथे धूप रोखण्याचा आराखडा हे तुम्हीच भरायचे आणि पाळायचे असते. ते न भरणाऱ्याचे सभासदत्व जाते, आणि मग तो पुन्हा एकटा जलमंडळासमोर उभा राहतो.

प्रश्न : आमच्या खालच्या ओढ्यात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मर्यादेबाहेर निघाले म्हणून काही वर्षांपूर्वी सगळ्यांना सभेला बोलावले होते. आता तसेच दुसऱ्या औषधाबद्दल झाले आहे. आमच्याकडे फवारणी झालीच नव्हती. मग आम्हाला का बोलावतात? – मर्सेड काउंटी

उत्तर : एका जागी तीन वर्षांत एकच द्रव्य एकापेक्षा जास्त वेळा मर्यादेबाहेर गेले की संघाला त्या पाणलोटासाठी व्यवस्थापन आराखडा करावा लागतो. तो पाणलोटाचा असतो, म्हणून बोलावणे सगळ्यांना येते. पुढे मात्र शोध नेमका घेता येतो. कॅलिफोर्नियात शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद काउंटी कृषी आयुक्तांकडे जाते. नमुना घेतल्याच्या आधीच्या काही आठवड्यांत त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ते औषध कोणत्या शेतांवर गेले ते त्या नोंदींवरून निघते. संघ त्या मोजक्या लोकांशी समोरासमोर बोलतो. तुमची फवारणी खरोखर नसेल तर तुमच्याच नोंदी तुमच्या कामी येतील. त्या वेळेवर आणि बिनचूक ठेवा.

मर्यादा किती बारीक असते याची कल्पना असली तर ‘थोडेसेच गेले’ हे वाक्य तोंडातून येणार नाही. क्लोरपायरिफॉसची चार दिवसांच्या सरासरीची मर्यादा लिटरमागे ०.०१५ मायक्रोग्रॅम होती. हिशेब मांडला तर १ ग्रॅम औषध सुमारे ६ कोटी ६७ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेते. म्हणजे ५४ एकर-फूट पाणी (एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उभे राहील एवढे पाणी). पंपाची टाकी नाल्याशेजारी धुतली, नोझल नाल्यावरून फिरताना बंद केली नाही, एवढ्याने पुरा ओढा बिघडतो. २०२० अखेर राज्यात या औषधाचा जवळपास सगळा वापर थांबला. त्याची जागा बऱ्याच ठिकाणी पायरेथ्रॉइड औषधांनी घेतली. ती पाण्यात कमी आणि मातीच्या कणाला चिकटून जास्त जातात, म्हणून आता गाळ धरणे हेच औषध धरणे झाले आहे.

हिवाळ्यात झाडे निद्रिस्त असताना होणाऱ्या कीटकनाशक फवारणीला राज्याचे वेगळे नियम आहेत. जमीन पूर्ण भिजलेली असताना ४८ तासांत पावसाचा अंदाज असेल तर फवारायचे नाही, आणि संवेदनशील पाण्यापासून १०० फूट अंतर सोडायचे. ओढ्यातले हिवाळी आकडे बिघडतात ते बहुतेक इथे.

प्रश्न : टोमॅटोला सरीने पाणी देतो. टोकाला निघणारे पाणी चहासारखे गढूळ असते. सल्ल्याप्रमाणे शेताच्या तळाला गाळ बसण्यासाठी मोठा खड्डा काढला. तळाला रेती भरपूर साचली, पण बाहेरचे पाणी तसेच गढूळ. पैसे वाया गेले का? – स्टॅनिस्लॉस काउंटी

उत्तर : खड्डा त्याच्या कुवतीएवढे काम करतो आहे. जे कण तुम्हाला धरायचे आहेत ते धरण्याची कुवत कुठल्याच परवडणाऱ्या खड्ड्यात नसते.

कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या जाडीच्या वर्गावर, म्हणजे जाडी गुणिले जाडी यावर, ठरते. ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे बारीक रेतीच्या काठावरचा कण, स्थिर पाण्यात १ मीटर खोल जायला साधारण साडेसात मिनिटे घेतो. २० मायक्रॉनचा पोयट्याचा कण पाऊण तास. २ मायक्रॉनच्या चिकणमातीच्या कणाला तेवढेच अंतर जायला तीन दिवसांहून जास्त लागतात. आता १ घनफूट प्रति सेकंद एवढा प्रवाह खड्ड्यातून जातो असे धरा. २० मायक्रॉनचे कण धरायला कागदावर सुमारे ८० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, प्रत्यक्षातल्या खळबळीसाठी त्याच्या दुप्पट धरा. हे जमण्यासारखे आहे. २ मायक्रॉनसाठी तोच हिशेब ७,८०० चौरस मीटरच्या पुढे जातो, म्हणजे जवळपास दोन एकर. आणि पायरेथ्रॉइड चिकटतात ते याच चिकणमातीला आणि सेंद्रिय कणांना. खड्डा खोल केल्याने फरक पडत नाही. पृष्ठभागाचे क्षेत्र मोठे हवे. खोली फक्त साचलेल्या गाळाला जागा देते.

हे घरी तपासता येते. १ लिटरचा इम्हॉफ शंकू (गाळ मोजायच्या खुणा असलेले, खाली निमुळते पारदर्शक भांडे) घ्या, सरीच्या टोकाचे पाणी भरा, ३० मिनिटे ठेवा. तळाशी जे बसले ते खड्डा धरेल. वरचे पाणी अजून गढूळ असेल तर तो भाग खड्ड्याच्या हाती लागणार नाही. खड्डा काढायच्या आधी ही अर्ध्या तासाची चाचणी प्रत्येकाने करावी.

चिकणमाती धरायची तर ती सरीतून सुटूच द्यायची नाही. त्यासाठी पॉलिअॅक्रिलामाइड, बोलताना ‘पॅम’. हे लांब साखळीचे द्रव्य मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवते, आणि सुटलेल्या कणांच्या गुठळ्या करून सरीतच बसवते. फक्त ऋण विद्युतभाराचे, म्हणजे अॅनायोनिक पॅम घ्या. धनभाराचे माशांच्या कल्ल्यांना घातक असते. तेलात कालवलेले द्रवरूप पॅम वापरायला सोपे, पण ते तेल आणि त्यातली साबणासारखी द्रव्ये पाणपिसूला विषारी ठरू शकतात. ज्या चाचणीत पास व्हायचे तीच त्यामुळे नापास होईल. दाणेदार किंवा गोळीचे पॅम बरे.

मात्रा : पाणी सरीत पुढे सरकत असेपर्यंत, म्हणजे टोकाला पोचेपर्यंत, पाण्यात १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग). १ घनफूट प्रति सेकंद प्रवाहाला हे मिनिटाला १७ ग्रॅम, तासाला साधारण १ किलो होते. पाणी टोकाला पोचले की डोस बंद. दुसरी रीत याहून सोपी आहे. सरी कोरडी असतानाच तिच्या तोंडाशी तीन ते पाच फूट लांबीत दाणे पसरायचे. एकरी १ पौंड धरले तर १,२०० फूट लांब आणि ५ फूट अंतराच्या सरीला सुमारे ६० ग्रॅम येतात. दर पाळीला तेवढे घालायची गरज नसते. पहिल्या पाळीला आणि प्रत्येक कोळपणीनंतरच्या पाळीला पुरा डोस द्या, कारण माती तेव्हाच मोकळी असते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे कालव्याचे अतिशुद्ध पाणी. सिएरा पर्वताच्या बर्फाचे पाणी क्षारांवाचून असते. पॅमची साखळी आणि मातीचा कण यांच्यामध्ये पूल म्हणून कॅल्शियम लागतो, तो या पाण्यात नसतो. मग पॅम घालूनही पाणी गढूळ राहते आणि लोक मात्रा वाढवत बसतात. मात्रा वाढवू नका, पाण्यात जिप्सम सोडा. दुसरी गोष्ट, पॅममुळे सरीचे तोंड जास्त पाणी पिते. पाण्याचा वेग पूर्वीएवढाच ठेवला तर पाणी टोकाला उशिरा पोचते, तोंडाशी पाणी खोल झिरपते आणि नायट्रेट भूजलात जातो. ओढा वाचवताना बोअर बिघडवल्यासारखे होते. पॅम घातले की माती सुटत नाही, म्हणून सुरुवातीचा प्रवाह वाढवायला हरकत नसते. तो वाढवाच, आणि पाणी टोकाला पोचले की कमी करा. तिसरी गोष्ट मिसळण्याची. द्रावण करायचे असेल तर पाणी जोरात घुसळत असताना दाणे हळूहळू भुरभुरवा. एकदम ओतले तर चिकट गोळे होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. सांडलेल्या दाण्यांवर पाणी मारू नका, जमीन बर्फासारखी निसरडी होते. कोरडेच झाडून घ्या.

पाण्यात विरघळून जाणारा नायट्रेट पॅमला दाद देत नाही. त्यासाठी टोकाचे पाणी परत फिरवणे हाच इलाज. तुमचा खड्डा इथे कामी येईल. त्यात फ्लोट स्विचचा पंप बसवा आणि पाणी वरच्या मुख्य नळीला जोडा. गाळ बसल्यानंतरचे पाणी ओढायचे, म्हणून सक्शन तळापासून वर ठेवा. जोडणीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. एका पिकावरच्या तणनाशकाचे पाणी दुसऱ्या पिकावर जाणार नाही हे फिरवण्याआधी पाहा, टोमॅटो त्या बाबतीत फार नाजूक.

आणि शेताकडेचा चर तणनाशक मारून उघडाबोडका ठेवू नका. चरात गवत असू द्या. पाणी मंद होते, गाळ गवतात अडकतो. चर अडेल एवढे वाढले की कापा, मुळासकट काढू नका.

प्रश्न : नत्राच्या तक्त्यात ‘दिलेले’ आणि ‘काढलेले’ असे दोन आकडे मागतात आणि त्यांचे गुणोत्तर काढतात. आमचे गुणोत्तर शेजाऱ्यापेक्षा खूप जास्त आले. खत तर सारखेच दिले. चूक कुठे? – मडेराजवळील दुसरे वाचक, बदाम

उत्तर : चूक बहुधा शेतात नसून कागदावर आहे. पण आधी हिशेब पुरा मांडू.

बदामाच्या १,००० पौंड मगजामागे शेतातून ६८ पौंड नत्र निघून जातो. एकरी २,००० पौंड मगजाची अपेक्षा असेल तर १३६ पौंड. झाडाच्या लाकडात साठणारा आणखी ३० पौंड धरू. काढलेला नत्र १६६ पौंड झाला. दिलेल्यातला साधारण ७० टक्के झाडाला लागतो असे धरले, तर गरज १६६ भागिले ०.७, म्हणजे २३७ पौंड.

आता बोअरच्या पाण्यातला नत्र. नायट्रेट-नत्र पीपीएममध्ये घेऊन २.७२ ने गुणले की एका एकर-फुटातला पौंडाचा आकडा मिळतो. पाण्यात ८ पीपीएम असेल तर २१.८ पौंड. हंगामात साडेतीन एकर-फूट पाणी दिले तर ७६ पौंड फुकट आले. उरले १६१ पौंड. यूएएन-३२ या द्रवरूप नत्रखताच्या गॅलनमध्ये ३.५४ पौंड नत्र असतो, म्हणजे एकरी सुमारे ४५ गॅलन. त्याचे चार हप्ते करा : पाने फुटेपर्यंत २० टक्के, फळ वाढताना ३०, मगज भरताना ३०, आणि साल उकलण्यापासून काढणीनंतर लगेचपर्यंत २०.

दिलेला २३७, काढलेला १६६, गुणोत्तर १.४३, फरक ७१ पौंड. तो फरकच भूजलाच्या दिशेने निघालेला नत्र आहे. जलमंडळाला गुणोत्तराइतकेच त्या फरकात स्वारस्य असते.

कागदावरच्या चुका दोन. प्रयोगशाळा कधी नायट्रेट-नत्र (त्यातल्या फक्त नत्राचे वजन) लिहिते, कधी नुसते नायट्रेट (पुऱ्या नायट्रेटचे वजन). दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे. ३५ पीपीएम नायट्रेट म्हणजे ८ पीपीएम नायट्रेट-नत्र. ३५ लाच २.७२ ने गुणले तर पाण्यातला नत्र एकर-फुटाला ९५ पौंड दिसेल आणि ‘दिलेले’ फुगेल. दुसरी चूक उत्पन्नाची. तक्त्यात मगजाचे वजन मागितलेले असते की साल-कवचासकटचे, ते नीट पाहून त्याच मापात भरा. माप बदलले की ‘काढलेले’ काहीही येते.

आकडे बरोबर असूनही गुणोत्तर जास्त असेल तर दोष खत सोडण्याच्या वेळेत शोधा. नायट्रेट पाण्याबरोबर चालतो. पाळीच्या सुरुवातीलाच खत सोडले तर उरलेल्या तासांचे पाणी त्याला मुळांखाली ढकलते. पाळीच्या उत्तरार्धात सोडा, आणि शेवटच्या ड्रिपरपर्यंत खत पोचून नळ्या धुतल्या जातील एवढा वेळ साधे पाणी चालवा. तो वेळ एकदा रंग सोडून मोजून ठेवा.

प्रश्न : घरच्या पिण्याच्या बोअरचा अहवाल ११ पीपीएम नायट्रेट-नत्र आला. आता काय करायचे? – मर्सेड

उत्तर : मर्यादा १० आहे. ते पाणी लहान बाळाच्या दुधाला आजपासून वापरू नका. उकळू नका, उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट उलट वाढतो. पिण्यासाठी बाटलीचे पाणी किंवा सिंकखालचे रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्र. कोळशाची साधी गाळणी नायट्रेट काढत नाही.

नोंदवलेल्या जमिनीवरचे पिण्याचे बोअर तपासणे सभासदावर बंधनकारक आहे. पहिली तीन वर्षे दर वर्षी, आणि आकडा ८ च्या खाली राहिला तर पुढे पाच वर्षांतून एकदा. १० च्या वर आला तर पाणी वापरणाऱ्या सगळ्यांना, त्यात भाडेकरू आणि मजुरांची घरेही आली, १० दिवसांच्या आत लेखी कळवायचे आणि त्याची प्रत जलमंडळाला द्यायची. हे कागद लपवून ठेवण्याचा मोह कुणाला होत असेल तर तो सोडावा. ते पाणी दुसऱ्याच्या घरातले मूल पिते आहे.

प्रश्न : आमचे आकडे शेजाऱ्यांना, खरेदीदारांना कळतील का? – लोदाय

उत्तर : राज्य जलमंडळाच्या फेब्रुवारी २०१८ च्या आदेशाने शेतांचे नत्राचे आकडे जलमंडळाकडे जातात, पण नावाऐवजी सांकेतिक क्रमांकाने. क्रमांक कोणाचा हे संघाला माहीत असते. ज्याचे आकडे इतरांपासून फार लांब असतात त्याला संघ कळवतो आणि प्रशिक्षणाला बोलावतो. पिण्याच्या बोअरचे निकाल मात्र राज्याच्या माहितीसाठ्यात जाहीर असतात.

प्रश्न : एवढे सगळे करून पाणी खरोखर सुधारते का? एखादे उदाहरण आहे? – फ्रेस्नो

उत्तर : दोन सांगतो.

सॅन वॉकिनच्या पश्चिम अंगाच्या जमिनीत सेलेनियम असते, आणि ते जास्त झाले की विषारी ठरते. तिथल्या निचऱ्याचे पाणी सॅन लुईस ड्रेन या कालव्याने केस्टरसन जलाशयात जात होते. १९८३ मध्ये तिथल्या पक्ष्यांची पिल्ले व्यंग घेऊन जन्मलेली आढळली आणि १९८६ मध्ये तो प्रवाह बंद झाला. ग्रासलँड भागातल्या सुमारे ९७,००० एकरांवरच्या शेतकऱ्यांचे निचऱ्याचे पाणी तेव्हा पाणथळ भागांतल्या चरांमधून नदीकडे जात होते. १९९६ पासून त्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ते पाणी ड्रेनच्या २८ मैलांच्या तुकड्यातून पाणथळ भाग टाळून नेले. बदल्यात सगळ्यांनी मिळून किती पौंड सेलेनियम सोडायचे याची महिन्याची आणि वर्षाची मर्यादा स्वीकारली, ओलांडली तर शुल्क. मर्यादा दर वर्षी खाली येत गेली. त्यांनी ती आपापल्या पाणीसंस्थांमध्ये वाटून घेतली, आणि ज्याला जमले नाही त्याने ज्याचा वाटा उरला त्याच्याकडून तो घ्यायचा, अशी देवाणघेवाणही केली. सुमारे ६,००० एकर जमीन खास वेगळी ठेवून तिथे क्षार सहन करणारे गवत लावले आणि निचऱ्याचे पाणी त्यावर पुन्हा वापरले. हे एकट्याचे काम नव्हते. ज्याच्या शेतात सेलेनियम कमी त्याने ज्याच्या शेतात जास्त त्याच्याशी हिशेब जोडला म्हणून ते जमले.

दुसरे भाताचे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला खाचरांतून सोडलेल्या पाण्यातल्या तणनाशकांनी कोलुसा खोऱ्याच्या चरात मासे मेले आणि सॅक्रामेंटो शहराच्या नळाचे पाणी कडू लागले. भातकऱ्यांनी मिळून फवारणीनंतर पाणी खाचरात ठरावीक दिवस अडवून ठेवायची शिस्त लावली. त्या दिवसांत औषध विरते. यंत्र लागत नाही, बांध मजबूत लागतो. बांधातून पाझर असेल तर सगळे व्यर्थ, म्हणून उंदरांची बिळे आणि फाटकाच्या फळ्या फवारणीच्या आधी पाहायच्या. एका भातकऱ्याने लवकर पाणी सोडले तर खालच्या सगळ्यांचे कष्ट त्या एका फाटकातून वाहून जातात.

प्रश्न : वरच्या शेताचे पाणी आमच्या चरातून ओढ्याला जाते. त्याचा गाळ आमच्या नावावर येईल का? – स्टॅनिस्लॉस काउंटी

उत्तर : येऊ द्यायचा नसेल तर मोजून ठेवा. चर तुमच्या हद्दीत शिरतो तिथे आणि बाहेर पडतो तिथे, एकाच पाळीत, आधी वर आणि मग पाणी खाली पोचायला लागेल तेवढ्या वेळाने खाली, असे दोन नमुने घ्या. इम्हॉफ शंकूतला गाळाचा आकडा, तारीख, वेळ, त्या वेळी कोणाचे पाणी चालू होते, आणि दोन्ही जागांचा फोटो. पाळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या तासातला आणि मधला असे दोनदा घ्या, पहिल्या लोटात गाळ नेहमी जास्त असतो. कीटकनाशकाची महागडी तपासणी यात करू नका, ती संघाचे काम. तीन-चार पाळ्यांचे आकडे झाले की ते घेऊन आधी शेजाऱ्याकडे जा आणि मग दोघे मिळून संघाच्या क्षेत्र प्रतिनिधीकडे. पॅमचा डोस वरच्या शेतात सुरू झाला तर तुमचा चर उपसण्याचे कामही कमी होईल, तेव्हा त्या खर्चात थोडा वाटा उचलण्याची तयारी ठेवूनच बोलणे काढा.